जिनिंगला आग लावण्याआधी त्याने काय काय करून पाहिलं?

चोपड्याच्या एका तरुण लेखकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्या थ्रिलर पटकथेतला खलनायक धरणगावकडचा जिनिंगवाला आहे, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याचा मालक. तो स्वतःच्याच जिनिंगला आग लावतो, विम्याचे पैसे उचलतो, ज्या वॉचमनने पाहिलं त्याला संपवतो आणि शेवटी पोलीस ठाण्यातल्या एपीआय मॅडमना जिनिंगवर बोलावून सगळं सांगून टाकतो. ज्यांनी वाचलं ते सगळे एकच विचारतात, 'हा माणूस असं का करेल?' म्हणून मी त्याच्या गरिबीचा, बापाच्या माराचा फ्लॅशबॅक घातला. तरी प्रश्न तोच. काय करू?"

सगळ्यात आधी तो फ्लॅशबॅक काढा. बापाने मारलं म्हणून माणूस कडू झाला, हे प्रेक्षक मान्य करतो. पण मार खाल्लेली हजारो माणसं आपल्या जिनिंगला आग लावत नाहीत. प्रेक्षकाला पडलेला प्रश्न वेगळा आहे: आजच का, रात्री दोनलाच का, आणि आगच का? त्याचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच्या मारात सापडत नाही, मागच्या चाळीस दिवसांत सापडतं.

मी वीसेक वर्षं पटकथा लिहितोय. त्याआधी अकरा हंगाम एका जिनिंगमध्ये दिवाणजी होतो. काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांना मालाचे द्यायचे चुकारे, हमालीचा हिशेब, बँकेला दर महिन्याला जाणारं मालाच्या साठ्याचं स्टॉक स्टेटमेंट, सगळं माझ्या हातून जायचं. त्या गादीवर एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, ती पुढे प्रत्येक पटकथेत कामाला आली. वाईट काम माणूस एकदम करत नाही. आधी त्याच कामाचा स्वस्त मार्ग करून बघतो. तो बंद झाला की त्याहून जरा महाग. तोही बंद झाला की आणखी महाग. खून, आग, अपहरण हे सगळ्यात महाग मार्ग आहेत, आणि व्यापारी माणूस पहिल्याच फटक्यात सगळ्यात महाग माल उचलत नाही. तुमच्या पटकथेत तो उचलतो. वाचणारा अडखळतो तो तिथेच.

आता तुमच्याच गोष्टीत बघू.

तुम्ही म्हणता, तो विम्यासाठी आग लावतो. इथे व्यवहाराची चूक आहे आणि ती आपल्या भागातला कोणीही प्रेक्षक पकडेल. जिनिंगवाला स्वतःच्या पैशाने हंगाम चालवत नाही. बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज असतं, माल बँकेकडे तारण असतो, आणि त्या मालाच्या विमा पॉलिसीवर बँकेचं नाव चढलेलं असतं. नुकसानभरपाई आली तर ती आधी बँकेकडे जाते. म्हणजे तुमचा शेठ ब्रीफकेस घेऊन पळतो तो सीन होऊच शकत नाही, आणि हे त्या शेठला तुमच्याहून जास्त माहीत आहे.

मग तो आग लावेल कशाला? भोक बुजवायला. हे कारण लोभापेक्षा कितीतरी जास्त पटतं.

2022 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, हे खान्देशात कोणी विसरलेलं नाही. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी तोच भाव पुन्हा येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवला. पलंगाखाली कापूस, पडवीत कापूस, पोरांच्या अंगाला खाज. भाव आला नाही, उलट उतरला. त्या लोकांना कोणी मूर्ख म्हणत नाही. मागच्या वर्षीच्या भावावरून त्यांनी या वर्षीचा निर्णय घेतला, माणसं तसाच घेतात. तुमच्या शेठलाही हेच करू द्या. तोही गेल्या हंगामाच्या आशेवर थांबला, भाव पडला, बाजारातल्या दुसऱ्या सावकाराचं व्याज चढलं. ते फेडायला त्याने जानेवारीत बँकेच्या तारणातल्या कापसाची रुई काढून गुपचूप विकली. स्टेटमेंटवर मात्र कापूस तसाच उभा ठेवला. कागदावर 1,500 क्विंटल, आवारात 400.

आकडे तुम्हाला पाठच हवेत, कारण शेठला ते पाठ आहेत. पाच क्विंटल कापसातून साधारण एक गाठ निघते, गाठ 170 किलोची. म्हणजे 1,100 क्विंटल कापसाच्या 220 गाठी. तीन ट्रक. क्विंटलला सात हजार धरले तर 77 लाखांचं भोक. त्याची झोप उडवणारा आकडा हा आहे, आणि तो त्याने स्वतःच्या तोंडाने एकदाही सांगायची गरज नाही. रात्री पडल्या पडल्या त्याची बोटं उशीवर हिशेब करताहेत एवढं दिसलं तरी पुरे.

मार्चमध्ये बँकेकडून फोन येतो: स्टॉक ऑडिट आहे, आठ दिवसांत माल मोजायला माणूस येईल. इथून पुढे त्याने काय काय करून पाहिलं, ते आम्हाला दाखवा. चुकारे आणखी लांबवतो. शेतकरी गेटवर येऊन बसतात. बँकेच्या मॅनेजरला गाठतो. जुना असता तर ऑडिट महिनाभर पुढे गेलं असतं, पण याला येऊन दोन महिनेच झालेत आणि तो चहाही घेत नाही. बायकोचं सोनं घेऊन जळगावच्या सराफ बाजारात जातो. तिथे काट्यावर पडलेल्या आकड्याने भोकाचा कोपराही भरत नाही.

आणि मग तो सीन, जो मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात जीव लावून लिहिला असता. शेजारच्या जिनिंगवाल्या मित्राकडे तो जातो. एका दिवसापुरता तुझा कापूस माझ्या आवारात टाक, ऑडिटवाला गेला की परत ने. दोघं गंजीच्या सावलीत उभे आहेत. मित्र नाही म्हणत नाही. तो गंजीतून मूठभर कापूस उपसतो, सरकी बोटाने चाचपतो आणि विचारतो, "ट्रकभाडं कोण देणार?" शेठ म्हणतो, "मीच." मित्र म्हणतो, "आणि मला काय?" पंचवीस वर्षांच्या मैत्रीत हा शब्द आजवर आलेला नव्हता. तो मागतो ते शेठ देऊ शकत नाही. परत येताना शेठ गाडीचा एसी बंद करतो, काच उघडतो, आणि रस्त्याच्या कडेला कुणीतरी पऱ्हाटी, कापसाची वाळलेली झाडं, जाळताना त्याला दिसतं.

बस. आग लावायची ठरली, हे आता कुणी बोलायची गरज नाही. प्रेक्षकाने चार दारं बंद होताना पाहिलीत, पाचवं त्याला शेठच्याही आधी दिसेल. जेव्हा प्रेक्षकाच्या मनात "आता हा हेच करणार" असं येतं आणि त्याला त्याची भीती वाटते, तेव्हा समजा निर्णय पटला. पटकथेचं पान साधारण मिनिटाचं असतं. या चार दारांना बारा पानं द्या. तुमच्या आताच्या मसुद्यात ती बारा पानं फ्लॅशबॅकने खाल्लीत.

आग लावतानाही तो डोकं वापरेल. तुमच्या मसुद्यात गाठी जळतात. दाबलेली गाठ बाहेरून काळी पडते, आतून दिवसेंदिवस धुमसत राहते आणि तिच्या लोखंडी पट्ट्या तशाच उरतात. विम्याचा सर्व्हेअर राखेतल्या पट्ट्या मोजतो आणि किती गाठी होत्या ते सांगतो. म्हणून शेठ मोकळ्या कापसाची गंजी पेटवेल. तिथे राखेशिवाय मोजायला काही राहत नाही. कारणही त्याला तयार मिळतं: कापसात खडा आला, जिनमध्ये ठिणगी उडाली, ती कापसाबरोबर पुढे गेली. असं खरंच होतं, दर हंगामात कुठे ना कुठे होतं, म्हणून कुणाला नवल वाटणार नाही. खडा त्याने आधीच कापसात टाकून ठेवलेला आम्हाला दाखवा. मुठीत मावणारा एक काळा खडा, टाकण्याआधी तो खिशात घालून शेठ दिवसभर फिरतोय. बापाच्या माराच्या चार सीनपेक्षा तो खडा जास्त बोलतो.

पण सगळं त्याच्या लक्षात येऊ देऊ नका. जो कापूस त्याने जळाला म्हणून दाखवला, त्यातला 1,100 क्विंटल त्याने प्रत्यक्षात जिनमधून काढलेला आहे. त्याची वीज लागली. मीटरवर युनिट जास्त आहेत, वहीत गाठी कमी. हा धागा सर्व्हेअरच्या हाती उशिरा लागू द्या. शेठला तो सुचला नाही, कारण विजेचं बिल त्याने आयुष्यात कधी स्वतः भरलेलं नाही, ते दिवाणजी भरतो. चूक कशी असावी याचा हा नमुना समजा. हुशार माणूस त्याच जागी चुकतो जिथलं काम तो वर्षानुवर्षं दुसऱ्याकडून करून घेत आलाय.

आता दुसरी गोष्ट, जी मला फार महागात पडली होती.

माझ्या सुरुवातीच्या एका पटकथेत खलनायक भुसावळ स्टेशनवर साक्षीदाराला बरोबर गाठायचा. गाडी, डबा, वेळ, सगळं बरोबर. जळगावात वाचन चाललं होतं. खलनायक करणारा नट मुरलेला रंगभूमीवरचा माणूस. त्याने तिथे वाचन थांबवलं, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "मला हे कुणी सांगितलं?" मी म्हणालो, त्याची माणसं सगळीकडे आहेत. तो म्हणाला, "मग ती माणसं मागच्या चाळीस पानांत काय करत होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. साक्षीदार कुठे उतरणार हे मला माहीत होतं, आणि माझं माहीत असणं मी खलनायकाच्या डोक्यात टाकलं होतं. थ्रिलरमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक ही आहे.

दुरुस्ती करताना मी त्याची माणसं वाढवली नाहीत, त्याची माहिती कमी केली. साक्षीदार जळगावचा आहे एवढंच त्याला कळतं, म्हणून तो जळगाव स्टेशनवर उभा राहतो. साक्षीदार घाबरून एक स्टेशन अलीकडे, भुसावळलाच उतरतो. मध्ये पंचवीसेक किलोमीटर. खलनायक चुकीच्या प्लॅटफॉर्मवर बरोबर विचार करत उभा आहे, आणि त्याच्या लक्षात येतं की ज्या अर्थी हा उतरला नाही त्या अर्थी तो घाबरलाय, आणि घाबरलाय म्हणजे त्याने खरंच काहीतरी पाहिलंय. त्या क्षणापर्यंत खलनायकाला तेही पक्कं नव्हतं. सीन आधीपेक्षा दुप्पट ताकदीचा झाला.

तेव्हापासून मी खलनायकाची वही घालतो. खरीखुरी लाल वही, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. जमेला त्याला आलेली बातमी लिहायची: कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणाकडून, आणि सांगणाऱ्याने त्यात स्वतःचं काय मिसळलं. नावेला लिहायचं की ती बातमी मिळवायला किंवा तिच्यावर काही करायला त्याला काय द्यावं लागलं: पैसा, झोप, एखाद्याचा विश्वास, एखाद्याचं ओझं. ज्या सीनमध्ये तो नाही त्या सीनलाही ओळ असते, कारण तुमची एपीआय मॅडम तलाठ्याने केलेला पंचनामा वाचत असते तेव्हा शेठही कुठेतरी जेवत असतो, कुणाचा तरी फोन घेत असतो. वही पूर्ण झाली की पटकथेतलं त्याचं प्रत्येक पाऊल वहीवर टेकवून बघा. जमेला नाही त्या बातमीवरून त्याने एकही पाऊल उचललेलं चालणार नाही.

याच वहीत त्याची शिळी माहितीही लिहा. समजा, पंधरा वर्षांपूर्वी एका भानगडीत त्याने पाहिलं होतं की सातपुडा ओलांडून माल मध्य प्रदेशात गेला की इथले पोलीस म्हणतात ती तिकडची हद्द, तिकडचे म्हणतात ही इकडची. म्हणून तो रुई सेंधव्याकडे पाठवतो. महामार्गाने पाठवली तर टोलनाक्यावर फास्टॅगची वेळ पडेल, 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल मागतील, म्हणून रात्री चोपड्याकडून जंगलातल्या रस्त्याने. इथवर त्याचा विचार चोख आहे. पण 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आणि गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात खबर नोंदवता येते हे आता कायद्यातच लिहिलेलं आहे. त्याला ते कोणी सांगितलं नाही. त्याचं ज्ञान खरं होतं, फक्त जुनं झालं. अशी चूक प्रेक्षक माफ करतो, कारण आपणही जुन्या माहितीवर रोज चालतो.

मोबाईलचं एका ओळीत: आज पाचवीतल्या पोरालाही माहीत आहे की टॉवर लोकेशन निघतं, तेव्हा तुमच्या शेठने आगीच्या रात्री फोन घरी ठेवलाच पाहिजे, आणि जो माणूस रात्री दोनपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर बाजारभाव बघतो त्याचा फोन नेमका त्या रात्री नऊपासून शांत का, हे मॅडमना दिसलं पाहिजे.

आता वॉचमन. माझ्या मते तुमच्या पटकथेतलं सगळ्यात कच्चं पात्र तेच आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त दडलंय.

वॉचमनला सालदार करा. शेठच्या केळीच्या मळ्यात सालाने राहिलेला गडी, हंगामात रात्री जिनिंगच्या गेटवर झोपायला येतो. आपल्याकडे सालदारकी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ठरते हे तुम्हाला सांगायला नको. आखाजीला साल संपतं, गडी मोकळा होतो, पटलं तर तिथेच, नाही तर दुसऱ्याच्या दारात. तुम्ही घड्याळ कुठून आणायचं म्हणून तुमच्या मसुद्यात कुणाच्या तरी मुलीचं अपहरण घातलंय. ते काढा. घड्याळ गावात आहेच. या सालदाराने जानेवारीत तीन ट्रकना गेट उघडून दिलं. तेव्हा त्याला त्यात काही वाटलं नाही. आग लागल्यावर चहाच्या टपरीवर तो ऐकतो की दीड हजार क्विंटल कापूस जळाला, आणि सहज बोलून जातो, "इतला कापूस व्हता कोठे?" टपरीवर कुणाचं लक्षही जात नाही. पण ते वाक्य फिरत फिरत तिसऱ्या दिवशी शेठकडे येतं. सर्व्हेचा रिपोर्ट अजून यायचाय. आखाजी वीस दिवसांवर आहे. आखाजीला गावोगाव पत्त्यांचे डाव बसतात, पिणं होतं, तोंडं सैल होतात, आणि त्या दिवसापासून हा माणूस शेठचा राहणार नाही.

आता शेठ काय करेल? मारणार नाही. पुन्हा स्वस्तापासून सुरू करेल. मळ्यात जाईल, ठिबकचा व्हॉल्व्ह बघायच्या निमित्ताने. मी हा सीन अहिराणीत असा लिहीन:

"तुना पोऱ्या कितवीमा शे आते?"

"बारावी दिधी, शेठ."

"मंग पुढे काय?"

"आयटीआय करसू म्हणस."

शेठ व्हॉल्व्ह उघडतो. पाणी येईपर्यंत नळीकडे बघत राहतो.

"जयगावले मना वळखीना मानूस शे. पोऱ्याले धाडी दे. राहाणं, खाणं, फी, सगळं मनाकडे."

सालदार हात जोडतो. त्याचे डोळे भरतात.

एवढंच. शेठने त्याला विकत घेतलं आणि त्याचा मुलगा आपल्या मुठीत ठेवला, दोन्ही एकाच वाक्यात, आणि सालदाराला ते उपकार वाटले. मला तर वाटतं शेठलाही त्या क्षणी ते उपकारच वाटत असावेत. खलनायक करणाऱ्याला हे वाक्य मनापासून बोलायला सांगा. तुमच्या मसुद्यात शेठ सालदाराशी प्रमाण मराठीत बोलतो, तेही बदला. बँकेत तो प्रमाण बोलेल, मॅडमसमोर जरा हिंदी मिसळेल, पण मळ्यात अहिराणीच. गोष्ट रावेर-यावलकडे नेलीत तर लेवा बोली घ्या, अहिराणी तिथे खोटी वाटेल. कुणाशी कोणती बोली बोलायची हाही त्याचा निर्णयच असतो, आणि तो तोंडावर ऐकू येतो.

सालदार मुलाला पाठवतो, पण मुलाचं तिथे मन लागत नाही, तो आठव्या दिवशी परत येतो. स्वस्त मार्ग बंद. आता शेठने दुसऱ्या कुणाला तरी सालदाराच्या मागे लावावं असं तुम्हाला वाटेल, कारण सिनेमात शेठकडे पंटर असतात. थांबा आणि वही उघडा. ज्याला पाठवेल तो उद्या दुसरा सालदार होईल: तेवढंच माहीत असलेला, तेवढीच किंमत मागणारा. व्यापारी माणूस हे लगेच बघतो. म्हणून तो एकटा जातो. खलनायक महत्त्वाच्या कामाला स्वतःच का जातो याचं सोपं कारण मला एवढंच सापडलंय: नावेच्या बाजूला आणखी एक नाव वाढवणं त्याला परवडत नाही.

तिथे काय होतं ते तुम्ही ठरवा. माझा सल्ला, खून ठरवून होऊ देऊ नका. तापीच्या काठी तो सालदाराला पैसे द्यायला गेलेला असू दे, आणि सालदाराने पैसे नाकारू देत. भीतीपोटी नाही, रागानेही नाही. मुलाचं जळगावचं खाणंपिणं आधीच शेठने केलं, आणखी कसं घेऊ, म्हणून. शेठला हे समजतच नाही. आयुष्यभर ज्याने प्रत्येक माणसाचा भाव केला, त्याच्यासमोर भाव न सांगणारा माणूस उभा आहे, आणि शेठच्या हिशेबात याचा अर्थ एकच निघतो: याला दुसऱ्या कुणीतरी जास्त देऊ केलंय. त्या चुकीच्या अर्थातून जे व्हायचं ते होतं. प्रत्येक खलनायकाला अशी एक जागा द्या जिथे त्याचा नेहमीचा हिशेब लागू पडत नाही आणि तरी तो तोच लावतो. मात्र ती जागा आधी दोनदा हलक्याने दाखवलेली हवी. सुरुवातीला कुणीतरी त्याला प्रसाद देतं आणि तो विचारतो, "वर्गणी किती?" असं काहीतरी.

राहिला शेवटचा सीन, जिथे तो मॅडमना बोलावून सगळं सांगतो. असं कुणी करत नाही. माणूस पोलिसाशी बोलतो ते तीनच कारणांनी: समोरच्याला किती कळलंय ते काढायला, आपली बाजू आधी नोंदवायला, किंवा सौदा करायला. तुमच्या शेठला यातलं दुसरं कारण द्या. सालदार बेपत्ता झाल्याची बोंब होण्याआधी शेठ स्वतः ठाण्यात जातो आणि तक्रार देतो: माझा सालदार 60,000 रुपयांची उचल घेऊन पळाला. उचल घेऊन गडी गेल्याच्या तक्रारी आपल्याकडे नव्या नाहीत, ठाण्यात कुणी मान वर करून बघणारही नाही. फार हुशार चाल आहे. बेपत्ता माणूस चोर ठरतो, शेठ फसवलेला मालक ठरतो, आणि कुणी शोधलंच तर सुरतेकडे, नाशिककडे शोधतील, तापीकाठी नाही.

आणि ही चालच त्याला बुडवू द्या. मॅडमनी ओरडायचं नाही, पुरावे टेबलावर मांडायचे नाहीत. त्या तक्रार लिहून घेताहेत. त्या विचारतात, उचल कोणत्या तारखेला दिली? शेठ खोटं बोलत नाही. त्याच्याकडे वही आहे, सालदाराच्या नावे 60,000 खरोखर लिहिलेले आहेत. जानेवारीत तीन ट्रकवाल्यांना रोख दिले तेव्हा ती रक्कम कुठेतरी खर्ची टाकायलाच हवी होती, म्हणून त्याने ती सालदाराच्या नावे टाकली होती. तो वही उघडतो, ओळीवर बोट ठेवतो आणि तारीख वाचून दाखवतो. मॅडम ती तारीख लिहून घेतात. लिहून झाल्यावर त्यांचं पेन कागदावरच थांबतं, कारण सेंधव्याच्या ट्रकांची तारीख त्यांच्याकडे आधीपासून आहे. शेठ त्यांच्या पेनाकडे बघतो, मग स्वतःच्या बोटाकडे. वही बंद करायला त्याला जितका वेळ लागतो तितका वेळ कॅमेरा तिथेच ठेवा, आणि संवाद लिहू नका.

चार दारांची ती बारा पानं आणि मळ्यातला सीन आधी लिहून पाठवा. बाकीचं त्यानंतर बघू.